लहान घराची पुनर्रचना : काय काढावे, काय ठेवावे

'घर लहान पडते' ही तक्रार आज बहुतेक कुटुंबांत ऐकू येते. मुले मोठी झाली, शिक्षणासाठी पुतण्या येऊन राहिला, गावाकडून आजी आली, की दोन खोल्यांचे घर अपुरे वाटू लागते. अशा वेळी सहसा दोनच उपाय सुचतात : वर एक मजला चढवायचा किंवा दुसरे मोठे घर पाहावयाचे. दोन्ही उपायांना पैसा लागतो आणि तो सर्वांपाशी असतोच असे नाही. आहे त्याच घराची नव्याने मांडणी करणे हा तिसरा उपाय मात्र क्वचितच विचारात घेतला जातो. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या उपायाचा विचार करावयाचा आहे.

विष्णुपुरीसारख्या गावात हा प्रश्न विशेष जाणवतो. गोदावरीच्या काठावरचे, काळेश्वराच्या मंदिरामुळे ओळखले जाणारे हे एके काळचे लहानसे खेडे. पुढे विष्णुपुरी प्रकल्प झाला, शंकरसागर जलाशय झाला. १९८१ साली श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. शिक्षणामागे माणसे आली आणि माणसांमागे घरे उभी राहिली. अशा गावात जुनी माळवदाची घरे आणि स्लॅबची नवी घरे शेजारी शेजारी दिसतात. पहिल्या प्रकारात दगडमातीच्या जाड भिंती, तर दुसऱ्या प्रकारात विटांच्या सडपातळ भिंती. या दोन्ही प्रकारच्या घरांना एकच नियम लावून चालणार नाही, हे आरंभीच लक्षात ठेवावे.

मोजकेपणा म्हणजे काय?

घरसजावटीच्या क्षेत्रात आजकाल 'मिनिमॅलिझम' हा शब्द फार ऐकू येतो. पांढऱ्या भिंती, एखादे बाक, एखादी कुंडी, बाकी सारे मोकळे, असे त्याचे चित्र डोळ्यांसमोर येते. या शब्दासाठी आपण 'मोजकेपणा' असा साधा मराठी शब्द वापरू. 'मोजके' या शब्दात दोन अर्थ आहेत : थोडे, आणि मोजून घेतलेले. या लेखाच्या दृष्टीने दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे.

पाश्चात्य वास्तुकलेत या विचाराचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्ना येथील वास्तुविशारद अडॉल्फ लूस यांनी इमारतीवरील निरर्थक नक्षीकामावर कडाडून टीका केली. पुढे मीस फान डेर रोहे यांच्या नावाशी 'कमी तेच अधिक' हे सूत्र कायमचे जोडले गेले. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात त्यांनी बांधलेले काचेचे फार्न्सवर्थ हाऊस १९५१ साली पूर्ण झाले. ते या शैलीचा आदर्श मानले जाते. परंतु हे घर किती माणसांसाठी होते? सुमारे दीड हजार चौरस फुटांचे हे घर एका व्यक्तीच्या सुट्टीतील निवासासाठी बांधलेले होते. एका माणसाने दीड हजार चौरस फुटांत मोजके राहणे आणि पाच माणसांनी तीनशे चौरस फुटांत मोजके राहणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. म्हणून परदेशी चित्र समोर ठेवून आपल्या घराची मांडणी करू गेल्यास फसगत होण्याचीच शक्यता अधिक.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर ते वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामचे आहे. १९३६ साली महात्मा गांधी तेथे राहावयास गेले. तेथील बापूकुटी मातीच्या भिंतींची आणि कौलांची आहे. बसण्यास चटई, अंगचेच कोनाडे आणि खुंट्या, यांपलीकडे सामान असे जवळजवळ नाहीच. १९७८ साली इव्हान इलिच हे विचारवंत सेवाग्रामला आले असता ते या कुटीत बसून राहिले आणि त्यांनी तिच्यावर एक चिंतनपर भाषण केले. माणसाच्या राहण्याची जागा आणि सामान ठेवण्याची जागा यांतील फरक त्यांना तेथे जाणवला. आपल्या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. लहान घरात प्रत्यक्ष कोण राहते, माणसे की सामान?

तथापि एका गैरसमजापासून सावध राहिले पाहिजे. ज्या घरात दारिद्र्यामुळे वस्तू नाहीत ते घर मोजकेपणाचे उदाहरण नव्हे. निवड करण्याची मोकळीक असेल तरच मोजकेपणा हा गुण ठरतो. भूमिहीन मजुराच्या रिकाम्या खोलीकडे पाहून साधेपणाचे गोडवे गाणे हा त्या माणसाचा अपमानच होय.

आपले जुने घर

मराठवाड्यातील जुने घर पाहिले तर मोजकेपणाची कितीतरी तत्त्वे त्यात आधीच आढळतात. हे घर फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर किलचन आणि वरती पांढऱ्या मातीचा जाड थर, असे माळवद असे. भिंती दोन-अडीच फूट किंवा त्याहूनही रुंद. या रुंदीचा उपयोग मोठ्या चातुर्याने केलेला असे. देवळी, कोनाडे, फडताळ, धान्याचे बळद हे सारे भिंतीच्या पोटात. कपड्यांना खुंट्या आणि टांगलेली दांडी, दूधदुभत्याला शिंके, भांड्यांना उतरंड. त्यामुळे जमीन बव्हंशी मोकळी राही.

जमीन मोकळी असल्यामुळे एकच जागा अनेक कामांना येई. सकाळी ज्या ओसरीवर पाहुणे बसत, तेथेच दुपारी डाळ निवडली जाई आणि रात्री वाकळा अंथरून मुले झोपत. दिवस उगवला की वाकळांची घडी होई, बाज भिंतीला उभी राही. खोलीला 'बेडरूम' किंवा 'हॉल' असे कायमचे नाव नव्हते. तिचे नाव वेळेप्रमाणे बदलत असे.

पुढे काय झाले? भिंती नऊ इंचांच्या झाल्या, कोनाडे नाहीसे झाले आणि त्यांची जागा लोखंडी कपाटांनी घेतली. लग्नात दिवाण, कोच, शोकेस, ड्रेसिंग टेबल येऊ लागले. या वस्तू वाईट आहेत असे नव्हे. परंतु त्या मोठ्या घरासाठी घडविलेल्या असतात आणि एकदा ठेवल्या की हलत नाहीत. घराचा आकार तोच राहिला, पण जमीन सामानाखाली गेली.

येथपर्यंत वाचल्यावर 'जुने ते सारे उत्तम' असा निष्कर्ष कोणी काढील. परंतु त्या जुन्या घराचा एक भयंकर दोष १९९३ साली आपल्या विभागाने पाहिला. तो पाहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवरील किल्लारी, सास्तूर परिसर भूकंपाने हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून माणसे नुकतीच झोपली होती. हजारो माणसे आपल्याच घराखाली गाडली गेली. तोपर्यंत हा प्रदेश भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात होता.

भूकंपाची तीव्रता ६ च्या थोडी वर होती. जगातील मोठ्या भूकंपांशी तुलना करता ती फार मोठी नव्हे. मग एवढी हानी का झाली? याचे उत्तर घराच्या रचनेत आहे. दगडी भिंत बाहेरून एकसंध दिसली तरी ती वस्तुतः दोन पदरांची असते. आतला एक पदर, बाहेरचा एक पदर आणि मधल्या पोकळीत दगडगोटे व माती. दोन्ही पदरांना जोडणारे आरपार दगड नसतील तर हादऱ्याने ते एकमेकांपासून सुटतात आणि भिंत फुगून ढासळते. खांब मजबूत आणि सांधे पक्के असलेल्या काही घरांत भिंती पडूनही छत खांबांवर उभे राहिले, असेही दिसून आले.

दुसरे कारण माळवदाचे वजन. पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी माळवदावर नवी माती टाकण्याची रीत होती. जुनी माती मात्र कोणी काढीत नसे. वर्षामागून वर्षे हा थर वाढत जाई. साधा हिशेब करून पाहू. दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशा खोलीवर दोन फूट जाडीची माती असेल, तर तिचे आकारमान सुमारे पावणेसात घनमीटर होते. एक घनमीटर माती सोळाशे किलो धरली तर छतावर जवळजवळ अकरा टन वजन झाले. हीच माती आठ इंचांवर आणली तर वजन साडेतीन टनांच्या आसपास येते. म्हणजे एका खोलीच्या डोक्यावरून सात टनांहून अधिक ओझे उतरते.

भूकंपानंतर जी घरे उभी होती त्यांच्या मजबुतीकरणाची जी पद्धत तज्ज्ञांनी सांगितली, तिच्यात हेच काम महत्त्वाचे होते. माळवदावरील जादा माती काढून टाकणे, पाणी झिरपू नये म्हणून उरलेल्या मातीच्या थरात प्लॅस्टिकचा कागद घालणे, खांब व तुळई यांच्या सांध्यांना तिरके टेकू देणे, भिंतीत ठराविक अंतराने आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे बसविणे आणि भिंतींना सभोवार पट्टा बांधणे. यांपैकी पहिली गोष्ट ही घरात काही नवीन आणण्याची नसून घरातून काही कमी करण्याची आहे, हे ध्यानात घ्यावे. त्या घराला सुरक्षित करण्याचा आरंभ 'काढण्या'पासून होत होता.

हा धडा जुना झाला असे समजू नये. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले भूकंपाचे धक्के नांदेड व परभणीपर्यंत जाणवले. त्यांतील मोठ्या धक्क्याची तीव्रता ४.५ होती. त्या वेळी पत्र्याच्या घरांवर आधारासाठी ठेवलेले मोठे दगड काढून घ्यावेत, असे आवाहन नांदेडच्या प्रशासनाने केले. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून दगड ठेवण्याची आपली सवय सर्वांना परिचित आहे. ते दगड काढून त्यांच्या जागी पत्रे आकड्याने व नटबोल्टने लोखंडी पाइपाला आवळणे, ही लहान घराच्या पुनर्रचनेची पहिली पायरी म्हणावी लागेल.

वरून दिलेले लहान घर

भूकंपानंतर पूर्णतः उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. नव्या गावांत घरांचे तीन आकार ठरले : भूमिहीन व अत्यल्प जमीन असणाऱ्यांना २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना ४५० चौरस फूट आणि मोठ्या शेतकऱ्यांना ७५० चौरस फूट. घरे पक्की होती, रस्ते सरळ होते. परंतु अनेक कुटुंबांना ती अडचणीची वाटली. जुन्या घराला अंगण होते, गुरांचा गोठा होता, कडबा व औते ठेवण्याची जागा होती. नव्या घरात यांचा विचार अपुरा होता. त्यामुळे अनेकांनी पुढे पत्र्याच्या पडव्या काढल्या, भिंती घातल्या आणि आपल्या गरजेप्रमाणे घर वाढवून घेतले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. घर लहान असणे म्हणजे मोजके असणे नव्हे. कुटुंबाचे दिवसभराचे काम काय, वर्षभराचे काम काय, हे मोजल्याशिवाय आखलेले लहान घर केवळ अपुरे ठरते.

साठवणीचाही असाच विचार केला पाहिजे. परदेशी चित्रातील घरात साठा दिसत नाही, कारण तेथे रोज नळाला पाणी येते आणि कोपऱ्यावर दुकान असते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली, हे ज्या विभागाने पाहिले आहे त्याला 'पिंप कशाला हवे?' असे विचारण्यात अर्थ नाही. वर्षाची ज्वारी, तुरीची डाळ, पाण्याचे पिंप ही आपल्याकडे हौस नसून आपत्तीसाठी केलेली तरतूद आहे. अशा वस्तू काढावयाच्या नसतात. त्यांना योग्य जागा द्यावयाची असते.

प्रत्यक्ष पुनर्रचना : पाच पायऱ्या

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. उदाहरणासाठी समजा की वीस फूट लांब व पंधरा फूट रुंद, म्हणजे तीनशे चौरस फुटांचे एक घर आहे. त्यात आई-वडील, दोन मुले व आजी अशी पाच माणसे राहतात.

पहिली पायरी : नोंद. एका वहीत घरातील प्रत्येक मोठी वस्तू, तिने व्यापलेली जमीन आणि तिचा शेवटचा उपयोग केव्हा झाला, हे लिहून काढावे. मुदत एक वर्षाची धरावी, कारण आपले घर ऋतूंवर आणि सणांवर चालते. महालक्ष्म्यांचे मुखवटे वर्षातून तीनच दिवस बाहेर निघतात, म्हणून ते निरुपयोगी ठरत नाहीत. आपल्या उदाहरणातील घराचा हिशेब असा होईल : पलंग ३० चौरस फूट, दिवाण १८, कोच व दोन खुर्च्या मिळून सुमारे २७, दोन लोखंडी कपाटे ९, शोकेस ६, शिलाई मशीन ४ ते ५, फ्रीज ४, धान्याच्या दोन कोठ्या ८. ही बेरीज १०७ चौरस फुटांच्या आसपास जाते. म्हणजे घराची एक तृतीयांशाहून अधिक जमीन सामानाने व्यापली आहे. पाच माणसे उरलेल्या दोन भागांत राहत आहेत.

दुसरी पायरी : वरचे ओझे उतरविणे. माळ्यावर, स्लॅबवर, पत्र्यावर काय आहे ते आधी पाहावे. गच्चीवर उरलेल्या विटा, वाळू, फरशीचे तुकडे, मोडकी लोखंडी खाट या वस्तू वर्षानुवर्षे पडून असतात. पाण्याच्या हजार लिटर टाकीत एक टन पाणी असते. ती खोलीच्या मध्यभागी स्लॅबवर ठेवण्याऐवजी भिंतींच्या किंवा तुळयांच्या वर, अभियंत्यास विचारून ठेवावी. माळवदाचे घर असेल तर मातीचा थर किती झाला आहे ते मोजावे. मात्र माती कमी केली की उष्णता व गळती यांचा विचार करावा लागतो, कारण त्या थरानेच उन्हाळ्यात घर थंड ठेवलेले असते. म्हणून सगळी माती काढू नये, जादा तेवढी काढावी. हे काम जाणत्या गवंड्याच्या देखरेखीखाली, एका बाजूला ढीग न करता, सर्व खणांवरून सारखे करावे.

तिसरी पायरी : जमीन मोकळी करणे. आपल्या उदाहरणात पलंग, कोच-खुर्च्या आणि शोकेस काढून टाकल्यास सुमारे ६३ चौरस फूट जागा सुटते. बसण्यासाठी व झोपण्यासाठी आत सामानाची जागा असलेला आणखी एक दिवाण केला तर १८ चौरस फूट परत जातात. तरीही ४५ चौरस फुटांची कमाई होते आणि सामानाखालील जमीन एक तृतीयांशावरून एक पंचमांशावर येते. रात्री गाद्या अंथराव्यात, सकाळी घड्या करून दिवाणात ठेवाव्यात. ही आपल्या आजीच्या घरातलीच रीत आहे. केरळात दीर्घकाळ काम केलेले वास्तुविशारद लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी आपल्या अनेक घरांत विटांतच बसण्याचे कट्टे आणि भिंतीतच फळ्या बांधून सामानाचा खर्च वाचविला होता. आपल्याकडेही शहाबादी फरशीचा कट्टा आणि तिच्याच फळ्या सहज करता येतात. फळी मात्र डोक्याच्या वर जड वस्तूंसाठी करू नये. जड भांडी व डबे खाली, हलकी वस्त्रे वर, हा नियम सर्वत्र पाळावा. उंच कपाट भिंतीला लोखंडी पट्टीने जखडून टाकावे.

चौथी पायरी : उजेड आणि वारा. लहान खोली अंधारी असेल तर अधिकच लहान वाटते. खिडकीसमोरचे कपाट हलविणे, हा सर्वांत स्वस्त उपाय. भिंतींना आणि छताच्या आतील बाजूस पांढरा चुना द्यावा. जुन्या माळवदात उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी साणे ठेवलेले असे. ते बुजविले असल्यास त्यावर काच बसवून पुन्हा मोकळे करता येते. स्लॅबच्या घरात छताजवळच्या झरोक्यांतून गरम हवा बाहेर जाते, म्हणून ते पुठ्ठे लावून बंद करू नयेत. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या पुष्कळ वर जातो. गच्चीवर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात दिले तर ऊन परावर्तित होऊन स्लॅब कमी तापतो. पश्चिमेच्या भिंतीला वेलाची किंवा तट्ट्याची सावली केली तरी फरक पडतो.

पाचवी पायरी : भिंत. ही पायरी मुद्दामच शेवटी ठेवली आहे. आजकाल 'मोकळा हॉल' करण्याच्या हौसेने प्रथम भिंतच पाडली जाते. चित्रातील घरांत भिंती नसतात, कारण त्यांचे वजन खांबांनी व तुळयांनी पेललेले असते. आपल्या बहुतेक लहान घरांत काँक्रीटचे खांब नसतात. स्लॅब थेट भिंतींवर टेकलेला असतो. अशा घरातील मधली भिंत पाडणे म्हणजे घराचा पाय काढणे होय. भिंत नऊ इंची असेल, तिच्यावर स्लॅबची कड किंवा वरच्या मजल्याची भिंत येत असेल, तर ती वजन पेलणारी आहे असेच समजावे. साडेचार इंची भिंत बहुधा आडोशाची असते. परंतु केवळ जाडी पाहून खात्री धरू नये, कारण काही घरांत तिच्यावरही ओझे टाकलेले आढळते. अभियंत्याने पाहिल्याशिवाय कोणत्याही भिंतीस हातोडा लावू नये. शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या भिंतीत तर कोनाडासुद्धा कोरू नये. नवे दार किंवा खिडकी काढावयाची झाल्यास कोपऱ्यापासून निदान दोन फूट अंतर सोडावे, वर पुरेशा लांबीची लिंटल द्यावी आणि ग्रामपंचायत किंवा महानगरपालिकेची परवानगी घ्यावी.

अनुभव असा आहे की पहिल्या चार पायऱ्या नीट झाल्या तर पाचवीची गरज बहुधा उरत नाही. भिंत आड येते असे आपल्याला वाटत असते, परंतु आड येत असतो तो तिला टेकलेला कोच.

निर्णय कोणाचा?

घराची पुनर्रचना हा केवळ गवंडी-सुताराचा विषय नाही, तो कुटुंबातील संबंधांचाही विषय आहे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. घरात 'अडगळ' काढण्याचे ठरले की प्रथम कोणाची वस्तू बाहेर जाते? बहुधा आजीची पत्र्याची पेटी, आईचे रुखवतातील भांडे, शिलाईचे मशीन. वडिलांचा बंद पडलेला रेडिओ किंवा मुलाची मोडकी सायकल मात्र राहते. ज्यांचा शब्द घरात हलका, त्यांच्या वस्तू प्रथम हलतात.

शिलाई मशीन पाच चौरस फूट जागा अडविते हे खरे, परंतु त्यावर घरखर्चाचा काही भाग चालत असेल तर ते कोचापेक्षा अधिक उपयोगी आहे. आजीच्या पेटीत काय आहे हे इतरांना ठाऊक नसते, पण त्या घरात तिच्या मालकीची तेवढीच जागा असते. सबब, प्रत्येकाने आपल्याच वस्तूंविषयी निर्णय घ्यावा आणि सामाईक वस्तूंविषयी सर्वांनी मिळून ठरवावे, हा नियम कोणत्याही घरात पाळण्याजोगा आहे. मुलांच्या अभ्यासाची एक जागा, मग ती खिडकीजवळची दोन फुटांची फळी का असेना, सर्वांत आधी राखून ठेवावी.

काही वस्तू घराबाहेर सामाईक ठेवता येतात. पन्नास माणसांच्या स्वयंपाकाची भांडी प्रत्येक घरात असण्याचे कारण नाही. देवस्थानाची किंवा मंडळाची भांडी कार्यापुरती आणण्याची पद्धत अनेक गावांत आहे. सतरंज्या, शिडी, कुदळ-फावडे यांचेही असेच. शेजारधर्म टिकला तर घरातील अर्धी अडगळ आपोआप कमी होते.

समारोप

वरील विवेचनाचा सारांश असा. लहान घराची पुनर्रचना करताना प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू कोणाच्या डोक्यावर ओझे होऊन बसली आहे काय? ती किती जमीन घेते? आणि ती कोणाच्या, कोणत्या कामी येते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' आल्यास ती आजच खाली उतरवावी. दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी ताडून पाहावीत आणि मग ठरवावे. भिंतीला मात्र चौथा प्रश्न विचारावा लागतो : हिच्यावर काय टेकलेले आहे? त्याचे उत्तर अभियंत्याकडून घ्यावे.

आपल्या विभागाने घराखाली माणसे गेलेली पाहिली आहेत. म्हणून मोजकेपणा हा आपल्यापुरता केवळ सौंदर्याचा किंवा फॅशनचा प्रश्न नाही. घरात राहणारी माणसे सुरक्षित आणि मोकळी असावीत, ही त्यामागील कसोटी आहे. येत्या सुट्टीत आपापल्या घरी गेल्यावर आपल्यापैकी प्रत्येकाने एक वही आणि एक टेप घेऊन आपले घर मोजावे. माळवदावरची माती किती, पत्र्यावर दगड किती, कपाट भिंतीला जखडले आहे की नाही, आजीची झोपण्याची जागा दारापासून किती दूर, एवढे तरी लिहून आणावे. या कामाला पैसा लागत नाही आणि त्यासाठी एक दुपार पुरेशी आहे.